वाचनालयाच्या भिंतीवर आपल्याकडची राणी कोणती काढायची?

मोहफूल

मंडळी, प्रश्न अगदी व्यवहारातला आहे, इतिहास त्यात मागून येतो.

आमच्या गावच्या (कुही तालुका) वाचनालयाला बाहेरून रंग द्यायचा आहे. रस्त्याकडच्या भिंतीत चार मोठे खण आहेत. ग्रामसभेत ठरलं की तिथं कर्तबगार राण्या काढायच्या. पेंटरनं लगेच फोनवर नमुने दाखवले : झाशीची राणी घोड्यावर, अहिल्याबाई हातात पिंड घेऊन, ताराराणी तलवारीसकट, आणि बाळशिवाजीला गोष्ट सांगणाऱ्या जिजाऊ. यातल्या कोणाबद्दलच तक्रार नाही. पण झाशी, महेश्वर, कोल्हापूर... यातली एकही गादी आपल्या मुलखात नव्हती. जिजाऊ सिंदखेडराजाच्या, म्हणजे विदर्भाच्या लेक, हे खरं, पण त्यांचं काम सगळं पुण्याकडं झालं.

मी म्हटलं, इथं ज्यांनी राज्य चालवलं त्या काढू. सरपंचबाई म्हणाल्या, "सांगा मंग नावं." मी चांद्याची हिराई आणि नागपूरच्या दुसऱ्या रघुजी भोसल्यांची राणी बाकाबाई अशी दोन नावं घेतली. बाकाबाईचं नाव निघताच मागून कोणीतरी ओरडलं, "तिचं तं मारबत काढतेत ना जी!" (मारबत म्हणजे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मिरवून जाळायचा पुतळा.) आणि पुढची सभा हसण्यात गेली.

तर सांगा. हा सगळा मुलूख एका सरकारखाली येण्याआधी इथं चांदा (आजचं चंद्रपूर), देवगड (कोकणातलं नव्हे, छिंदवाड्याकडचं), नागपूर, वऱ्हाड अशी वेगवेगळी राज्यं होती. त्यातली कुठली राज्यं बायकांनी चालवली? आणि बाकाबाईला भिंतीवर जागा द्यावी का?

तर्रीपोहा

एका खणात सरपंचबाईंचंच चित्र काढा. बिल लवकर निघेल.

हिराईची_लेक

हिराई पहिल्या खणात. पेंटरला आजच सांगून टाका, बाकीची चर्चा नंतर.

चांद्याचा गोंडराजा बीरशहा याचा खून झाला. गादीला मुलगा नव्हता. हा काळ औरंगजेबाच्या शेवटच्या वर्षांचा. एका बाजूला मोगलांचा वसुलीचा तगादा, दुसरीकडं देवगडवाल्यांशी जुनं वैर, मराठ्यांच्या स्वाऱ्या सुरू झालेल्या. अशा वेळी राणी हिराईनं चंदनखेड्याच्या शाखेतला रामशहा दत्तक घेतला, त्याला गादीवर बसवलं आणि तो कळता होईपर्यंत कारभार स्वतः पाहिला. महाकालीचं आजचं मोठं देऊळ तिनं बांधलं. अंचलेश्वराजवळ गोंडराजांच्या समाध्या आहेत, त्यातली सगळ्यात मोठी, बीरशहाची, तीही तिनंच बांधली.

देवळाची एक दंतकथा चांद्यात अजून सांगतात. बीरशहाची मुलगी देवगडला दिली होती. तिचा सासरी अपमान झाला. बीरशहानं देवीला नवस बोलून स्वारी केली आणि जावयाचं डोकं देवीला वाहिलं. त्या जयाची आठवण म्हणून हिराईनं देऊळ उभं केलं म्हणे, आणि देवगडच्या दिशेला तोंड करून दगडाचं एक मुंडकं बसवलं. कथा म्हणूनच घ्या. पण चैत्रात नांदेडकडून, तेलंगणातून येऊन झरपटीत अंघोळ करून जे लोक रांगेत उभे राहतात, त्यांच्यापैकी बहुतेकांना हे देऊळ कोणी बांधलं ते माहीत नसतं.

एक विनंती : चित्राखाली "विदर्भाचा ताजमहाल" असलं काही लिहू नका. दरवर्षी कोणीतरी समाधीचा फोटो टाकून तेच लिहितं. नवऱ्याची समाधी बांधली एवढ्यासाठी तिला लक्षात ठेवायचं असेल तर भिंत रिकामी ठेवलेली बरी. मारेकरी दरबारापर्यंत पोचले असताना तिनं राज्य फुटू दिलं नाही, ते लिहा.

जुना_मास्तर

मोहफूल, तुम्ही कुही तालुक्यातले. म्हणजे मांढळ तुमच्या शेजारी. सत्तरच्या दशकात नागपूर विद्यापीठानं तिथं उत्खनन केलं, वाकाटक काळातल्या शैव मूर्ती निघाल्या. त्याच गावात वाकाटकांचे ताम्रपटही सापडले. मग पहिली राणी शोधायला चांद्यापर्यंत जायची गरज नाही. रामटेकच्या पायथ्याशी नगरधन आहे, तीच वाकाटकांची राजधानी नंदिवर्धन मानतात.

प्रभावतीगुप्ता ही दुसऱ्या चंद्रगुप्ताची मुलगी. आई कुबेरनागा, नागवंशातली. वाकाटक राजा दुसरा रुद्रसेन याला दिली. तो लवकर वारला, मुलं लहान. थोरला दिवाकरसेन नावाचा युवराज, राज्य आईच्या हातात. तिचा एक ताम्रपट पुण्यात सापडला, तो दिवाकरसेनाच्या युवराजपदाच्या १३ व्या वर्षी नंदिवर्धनाहून दिलेला आहे. म्हणजे निदान तेरा वर्षं तरी बाई गादी सांभाळत होती. त्या ताम्रपटात वंशावळ सासरच्या वाकाटकांची दिलेली नाही, माहेरच्या गुप्तांची दिली आहे. गोत्रही माहेरचं, धारण.

दुसरा ताम्रपट अमरावती जिल्ह्यातल्या ऋद्धपूरचा. हो, तेच महानुभावांचं ऋद्धपूर, जिथं आता मराठी भाषा विद्यापीठ आलं आहे. तो तिच्या मुलाच्या, दुसऱ्या प्रवरसेनाच्या, १९ व्या वर्षीचा. रामगिरीच्या देवाच्या पायाशी, म्हणजे रामटेकहून दिलेला. मुलगा राज्य करतो आहे आणि आई आपल्या नावानं दानपत्र देते आहे.

अलीकडं नगरधनला डेक्कन कॉलेज आणि राज्य पुरातत्त्व खात्यानं खोदकाम केलं, त्यात तिच्या नावाची मातीची मुद्रा मिळाली. ब्राह्मी अक्षरं आणि शंख. नेपोलियनच्या सनावळ्या पाठ करून घेण्यात माझी सगळी नोकरी गेली. गावापासून दोन तासांवरच्या राणीचं एक ओळही पुस्तकात नव्हतं.

धानकरी

मास्तर, आमच्या भंडारा जिल्ह्यातल्या मिरेगावचा ताम्रपट राहिला की. तोही तिचाच, प्रवरसेनाच्या २० व्या वर्षाचा. आमच्या झाडीपट्टीचं नाव कोणी घेत नाही म्हणून मी घेतो.

पऱ्हाटी

मास्तर, राग नका मानू. पन हे प्रभावती तं पाटलिपुत्रवाल्याची पोरगी झाली ना! जावई मेला, पोरीच्या हातानं सासऱ्यानं राज्य चालवलं. म्हंजे विदर्भाचा कारभार बाहेरून चालवाची पद्धत चवथ्या-पाचव्या शतकापासूनच हाय.

तर्रीपोहा

@पऱ्हाटी भाऊ, आता "वेगळा विदर्भ" म्हणून पुढचे तीस प्रतिसाद येतील. धागा गेला समजा.

जुना_मास्तर

राग कशाचा? गुप्तांचा प्रभाव होताच, पुण्याच्या ताम्रपटातली वंशावळच ते सांगते. पण नुसती बाहुली असती तर मुलगा मोठा होऊन पक्का राजा झाल्यावर तिला कोणी विचारलं नसतं. ऋद्धपूर आणि मिरेगाव, दोन्ही दानपत्रं मुलाच्या राज्यातली आहेत. तेव्हा चंद्रगुप्त कुठला यायला?

पऱ्हाटी

बरं, मानलं. आता आमच्या वऱ्हाडाचं आयका.

अचलपूरची इमादशाही १५७४ मधी अहमदनगरच्या निजामशाहीनं गिळली. मंग १५९५ मधी मोगलाचा शहजादा मुराद अहमदनगरले वेढा देऊन बसला. चांदबिबी किल्ल्यावर उभी रायली, बुरूज ढासळला तं रातोरात बांधून काहाडला, हे सारं आपन पुस्तकात वाचलं, टाळ्या वाजवल्या. पन १५९६ चा तह कोनी वाचला? त्या तहात चांदबिबीनं अहमदनगर वाचवलं आन वऱ्हाड देलं मोगलाले. आमाले कोनी इचारलं नाई. मंग मुरादनं बाळापूरजवळ शहापूर वसवलं आन तिथंच तळ टाकून बसला.

म्हनून म्हनतो, राणीचं चित्र काहाडाच्या आंदी पाहा, तिनं कोनाचं घर वाचवाले कोनाचं घर देलं.

हिराईची_लेक

पऱ्हाटी, वेढ्यात अन्न-दारूगोळा संपत आल्यावर बावीस वर्षांपूर्वीच जिंकलेला प्रांत द्यायचा की राजधानी? पुरुष राजानं हेच केलं असतं तर त्याला मुत्सद्दी म्हटलं असतं.

पऱ्हाटी

ताई, मी तिले वाईट म्हटलंच नाई. आमच्या भितीवर काऊन काहाडाची, एवढंच म्हनून रायलो.

महालवासी

धाग्यातला खरा प्रश्न सगळे टाळताहेत. बाकाबाईला भिंतीवर जागा द्यायची का? माझं उत्तर : अजिबात नाही.

आम्ही नागपूरच्या महालातले. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी काळी मारबत निघते तेव्हा तिच्यामागून लहानपणापासून चालत आलो. तिच्या नावानं लोक का ओरडतात? १८१६ मध्ये दुसरे रघुजी वारले, तेव्हापासून या बाईचं त्यांच्या पुतण्याशी, अप्पासाहेबांशी वाकडं. अप्पासाहेब १८१७ च्या नोव्हेंबरात सीताबर्डीला इंग्रजांशी लढले, हरले, पुढं पदच्युत झाले. १८१८ मध्ये इंग्रजांनी दुसऱ्या रघुजींच्या मुलीचा मुलगा (तेच तिसरे रघुजी) गादीवर बसवला आणि बाकाबाई त्याची पालक. कारभार कोणाचा? रेसिडेंट जेंकिन्सचा. पुढं १८५७. जूनमध्ये इंग्रजांच्या टाकळीच्या घोडदळानं उठायचं ठरवलं होतं, बेत फुटला, माणसं फासावर गेली. आणि बाकाबाईंनी आपल्या नातेवाइकांना, मानकऱ्यांना दम दिला की कोणी सामील झालात तर मीच धरून देईन. आता सांगा, हिला हिराईच्या शेजारी बसवायचं?

तर्रीपोहा

ईडा पीडा घेऊन जा गे मारबत!

अंगणवाडी_ताई

आमच्या गावी बाकाबाईचं नाव कोणालाच माहीत नाही. पोळ्याला दाराशी पळसाच्या फांद्या ठेवतात आणि दुसऱ्या दिवशी भल्या पहाटे पोरं त्या गोळा करून "खासी, खोकला, राईरोग घेऊन जा गे मारबत" म्हणत शिवेबाहेर नेऊन टाकतात. त्यात राणी नाही, इंग्रज नाही. डास आणि ताप आहेत. नागपूरच्या मारबतीत राणी कधी शिरली ते मला समजून घ्यायचं आहे.

बखरवाचक

ताईंनी नेमकी नस पकडली. नागपूरची काळी मारबत १८८१ पासून आणि पिवळी १८८५ पासून निघते असं मंडळंच सांगतात. बाकाबाई १८५८ मध्ये वारल्या. म्हणजे बाई जाऊन वीसेक वर्षं झाल्यावर ही मिरवणूक सुरू झाली. खेड्यातली मारबत तर तिच्याहून कितीतरी जुनी असणार. तेव्हा "बाकाबाईनं गद्दारी केली म्हणून मारबत सुरू झाली" हे जितक्या ठामपणे सांगतात तितकं ते ठाम नाही. लोकांच्या मनात राग होता आणि तो एका तयार पुतळ्याला चिकटला, असं मला वाटतं.

आता महालवासींच्या यादीत जे राहिलं ते सांगतो.

इंग्रजांची तैनाती फौज नागपुरात आणणारा तह कोणी केला? अप्पासाहेबांनी, १८१६ मध्ये. कारण त्यांना दुसऱ्या रघुजींचा मुलगा परसोजी याच्या नावानं कारभार हवा होता आणि बाकाबाईंचा गट आडवा येत होता. दुसऱ्या वर्षी परसोजी बिछान्यात मेलेले सापडले आणि गादी अप्पासाहेबांकडं आली. इंग्रजांना घरात घेणारे अप्पासाहेब सीताबर्डीला लढले म्हणून वीर, आणि त्यांनी करून ठेवलेलं निस्तरणारी बाई काळी. हा हिशेब मला जुळत नाही.

मग १८५३ चा डिसेंबर. तिसरे रघुजी वारले, मुलगा नाही. डलहौसीनं दत्तक नाकारून १८५४ मध्ये राज्य खालसा केलं. राजवाड्यातले हत्ती, घोडे, बैल सीताबर्डीला लिलावात विकले, जडजवाहीर कलकत्त्याला नेलं. तेव्हा ही म्हातारी बाई म्हणाली की वाड्यातलं सामान हलवाल तर वाडा पेटवून देईन. तिनं विलायतेला वकील पाठवले. काही मिळालं नाही. तीन वर्षांनी १८५७ उजाडलं तेव्हा तिच्यापुढं काय होतं? फौज मोडलेली, खजिना गेलेला, मागं विधवा सुना आणि दत्तक घेतलेला जानोजी. तिनं इंग्रजांची बाजू घेतली आणि पुढं जानोजीला देऊरचे राजेबहादूर ही पदवी आणि तनखा मिळाला. घर वाचलं, राज्य गेलं ते गेलंच.

मी तिला थोर म्हणत नाही. टाकळीच्या शिपायांना फासावर जाताना तिचं काहीच वाटलं नाही असं दिसतं, ते बोचतं. पण तिला ओळखायचं असेल तर १८१६ पासून ओळखा, १८५७ पासून नको.

आणि मोहफूल, नागपूरला जाताना उमरेड रस्त्यावर तुम्हाला पाचगाव लागतं. १७७५ मध्ये तिथं दोन भोसले भावांत लढाई झाली आणि मुधोजींच्या हातून साबाजी मेले. त्या भांडणात पहिल्या जानोजी भोसल्यांची विधवा दर्याबाई आधी साबाजींच्या बाजूनं होती. तीही राण्यांच्या यादीत यायला हरकत नाही.

महालवासी

@बखरवाचक तुमचं सगळं वाचलं. तरी माझं मत तेच. अप्पासाहेबांनी चूक केली, मग लढून ती फेडली, रानावनात भटकले, परमुलखात मेले. बाकाबाई वाड्यातच राहिली. लोकांना हा फरक कळतो.

अंगणवाडी_ताई

वाड्यातच राहणार ना भाऊ. परसोजी गेले, रघुजी गेले, सुनांना टाकून ती कोणत्या रानात भटकणार होती? रानात जायची मुभा गड्यालाच असते.

गोंडवाना_पोर

एवढं लिहून झालं, पण एक गोष्ट कोणाच्या ध्यानात आली नाही. भोसले नागपूरला आलेच कसे?

देवगडच्या गोंड राज्याचा बख्त बुलंद, ज्यानं नागपूर वसवलं. त्याच्यामागं चांद सुलतान. तो १७३९ मध्ये वारला आणि वलीशहानं गादी बळकावली. चांद सुलतानाची राणी रतनकुंवर, दोन मुलं, बुऱ्हाणशहा आणि अकबरशहा. तिनं मदत मागितली ती वऱ्हाडात असलेल्या रघुजी भोसल्याला. रघुजीनं वलीशहाला हरवलं, मुलांना गादी दिली. राणीनं त्याला तिसरा मुलगा मानलं आणि राज्याचा तिसरा हिस्सा दिला असं सांगतात. मग दोघा भावांत भांडण लागलं, रघुजी पुन्हा आला, आणि या वेळी गेलाच नाही. १७४३ पासून नागपूर त्याची राजधानी. बुऱ्हाणशहा किल्ल्यात, तनख्यावर. भोसल्यांच्या गादीवर बसणाऱ्याला टिळा मात्र गोंडराजाच्या हातचा लागायचा. मान आमचा, महसूल त्यांचा.

१७५१ मध्ये चांदाही रघुजीनं घेतलं. हिराईनं ज्या राज्याला सांभाळलं ते पन्नास वर्षंही टिकलं नाही. तेव्हा "नागपूरचं राज्य इंग्रजांनी खालसा केलं" म्हणून रडायच्या आधी ते राज्य कोणाचं होतं ते भिंतीवर लिहा. रतनकुंवरचं चित्र काढा. मोहफूल, तुमच्या गावात गोंड घरं असतील तर त्यांना विचारून काढा.

आणि राणी दुर्गावती. माहीत आहे, गढा-मंडला विदर्भात येत नाही. पण २४ जूनला, १५६४ मध्ये ती अकबराच्या सरदाराशी, आसफखानाशी लढताना पडली त्या दिवशी, आमच्याकडच्या बऱ्याच गोंड वस्त्यांत बलिदान दिन होतो. जबलपूरचं विद्यापीठ तिच्या नावाचं. सीमा राज्यांच्या असतात, तिची आठवण नर्मदेवर थांबत नाही.

तर्रीपोहा

म्हणजे गोंडांकडून भोसल्यांनी घेतलं, भोसल्यांकडून इंग्रजांनी, इंग्रजांनी मध्यप्रांत केला, १९०३ मध्ये त्याला वऱ्हाड जोडलं, १९५६ मध्ये आपल्याला मुंबईला जोडलं, १९६० मध्ये महाराष्ट्र. आपण कधी कोणाला काही जोडलं का बे?

पऱ्हाटी

आमी रुक्मिणी देली ना! कौंडण्यपूरची. ते बी पळवून नेली.

धानकरी

दमयंती दिली. लोपामुद्रा दिली. इंदुमती दिली. विदर्भाचं मुख्य उत्पादन संत्री, कापूस नि नवऱ्या मुली.

महालवासी

वेगळं राज्य दिलं असतं तर आज हा धागा विदर्भाच्या पाठ्यपुस्तकात असता. १९५३ च्या नागपूर करारात जे कबूल केलं त्यातलं किती

संपादक

वेगळ्या विदर्भावर स्वतंत्र धागा आहे, तिथं जागा भरपूर आहे. इथं राण्यांवर बोलावं. महालवासी, तुमचा अर्धा प्रतिसाद तिकडं हलवला आहे.

तर्रीपोहा

संपादकांनी प्रतिसाद खालसा केला.

सीमेपल्याड

मी सिरोंचाची, नोकरीनिमित्त अहेरी भागात फिरते. बाकाबाईवरचा वाद वाचून एक नाव सांगायचं राहवत नाही : अहेरीची जमीनदारीण लक्ष्मीबाई.

१८५८ मध्ये बाबूराव शेडमाके यांनी चांदा भागात इंग्रजांविरुद्ध उठाव केला. त्यांना पकडून देणारी लक्ष्मीबाई. २१ ऑक्टोबर १८५८ ला चांद्याच्या तुरुंगात बाबूरावांना फाशी झाली. बक्षीस म्हणून लक्ष्मीबाईला अडपल्ली आणि घोट जमीनदारीची ६७ गावं मिळाली. तिची मारबत कोणी काढत नाही. एकीला पुतळा करून दरवर्षी जाळायचं आणि दुसरीचं नावही घ्यायचं नाही, हे कसं? अंतर तर नागपूर ते अहेरी एवढंच आहे.

आता आमच्या बाजूचं थोडं चांगलंही सांगते. सिरोंचात आम्ही गोदावरी-प्राणहितेच्या काठी. पलीकडचा मुलूख काकतीयांचा, वरंगळच्या रुद्रमादेवीचा. ती १२६२ पासून गादीवर होती, आणि कोणाची पालक म्हणून नव्हे, स्वतः राजा म्हणून. बापानं तसंच वाढवलं होतं, लेखांत तिचं नाव पुरुषी रूपात, "रुद्रदेव महाराज" असं येतं. आणि इंद्रावतीच्या पलीकडं बस्तर. तिथल्या राजघराण्याचं मूळ काकतीयांतच सांगतात. बस्तरच्या गादीवर १९२२ मध्ये प्रफुल्लकुमारी देवी बसली, पोरवयात. १९३६ मध्ये लंडनला वारली. बस्तर १९४८ मध्ये विलीन झालं. आमच्याकडची माणसं लग्नकार्याला तिकडं जातात, नदी उतरून. तुमच्या भिंतीला या दोघी नकोत हे समजतं, पण विदर्भ म्हटलं की सगळे नागपूरपर्यंत येऊन थांबतात म्हणून लिहिलं.

गोंडवाना_पोर

@सीमेपल्याड ताई, बरं झालं लिहिलं. आमच्याकडं २१ ऑक्टोबरला कार्यक्रम होतो, भाषणं होतात. त्यात इंग्रजांना शिव्या असतात, लक्ष्मीबाईचं नाव आलं की वक्ता पाणी प्यायला थांबतो. आपल्यातलीच होती ना.

बखरवाचक

६७ गावं हा आकडा महत्त्वाचा आहे. बाकाबाईंना पदवी आणि तनखा मिळाला तोही वारसाला, त्या जाईपर्यंत काही नाही. लक्ष्मीबाईचा व्यवहार रोखीचा होता.

हिराईची_लेक

रोखीचा म्हणा, पण चांद्याचं राज्य केव्हाच गेलेलं. जमीनदारी म्हणजे ज्याचं वरचं सरकार असेल त्याच्या मर्जीची वस्तू. सरकार कोणतं राहणार याचा अंदाज तिनं बांधला. बाबूरावांनीही बांधला होता, तो चुकला. आज आपल्याला शेवट माहीत आहे म्हणून आपण एवढे शूर.

पऱ्हाटी

ताई, चांदबिबीलेबी तुमीच सोडवलं, लक्ष्मीबाईलेबी सोडवून रायल्या. वकिली करता का?

हिराईची_लेक

तलाठी कार्यालयात आहे. सगळ्यांचेच फेरफार बघते.

मोहफूल

वाचत होतो सगळं. काल संध्याकाळी हा धागा सरपंचबाई, ग्रामसेवक आणि दोन-तीन शिक्षकांना मोबाईलवर वाचून दाखवला. जे ठरलं ते असं :

पहिला खण प्रभावतीगुप्तेचा. जुना_मास्तर म्हणाले तसं मांढळ आमच्याच तालुक्यात, नगरधन जिल्ह्यात. दुसरा हिराईचा. तिसरा रतनकुंवरचा. इथं एक गंमत झाली. गोंडवाना_पोर यांनी सांगितलं म्हणून आम्ही आमच्या गावच्या गोंड मोहल्ल्यात विचारलं. तिथल्या म्हाताऱ्या म्हणाल्या, रतनकुंवर आम्हाला माहीत नाही, दुर्गावती काढा, तिचा फोटो आमच्या घरी आहे. त्यावरून बराच वेळ वाद झाला. शेवटी रतनकुंवर मोठी आणि वरच्या कोपऱ्यात दुर्गावती असं ठरलं. पेंटर म्हणतो कोपऱ्याचे वेगळे पैसे.

चौथ्या खणावर मात्र गाडं अडलं. मी बाकाबाईवर ठाम आहे, आणि चित्र असं की ती वाड्याच्या दारात उभी आहे आणि बाहेर बैलांचा लिलाव चालला आहे. एक शिक्षक म्हणाले, पालक तक्रार करतील. सरपंचबाई म्हणाल्या, "काढा, पन खाली सारं लिहा. चांगलं बी, वाईट बी." ग्रामसेवक म्हणाले, तेवढी जागा नाही.

महालवासी

काढणारच असाल तर टाकळीच्या शिपायांनाही काढा. एवढं केलंत तर मी विरोध मागं घेतो. पूर्ण नाही, अर्धा.

जुना_मास्तर

चेहऱ्यांबद्दल एक सूचना. प्रभावती, हिराई, रतनकुंवर, यातल्या कोणाचंही त्या काळातलं विश्वसनीय चित्र माझ्या पाहण्यात नाही. पेंटर तिघींना एकच चेहरा देईल, नऊवारी नेसवेल आणि हातात तलवार देईल. प्रभावतीसाठी चेहराच नको. तिची मुद्रा मोठी काढा, शंख आणि ब्राह्मी अक्षरं. अक्षरं मी लिहून पाठवतो, पेंटरनं ती जशीच्या तशी उतरवावी, नक्षी समजून वळणं देऊ नयेत.

हिराईची_लेक

हिराईला तलवार देऊ नका. देवळाचं बांधकाम चाललं आहे, पाथरवट काम करताहेत आणि ती उभी राहून बघते आहे, असं काढा. शेजारी लहान रामशहा. मागं परकोटाचा दरवाजा चालेल, पण जटपुरा काढाल तर गाड्यांची कोंडीही काढावी लागेल.

गोंडवाना_पोर

रतनकुंवरला गोंडी दागिने हवेत. आमच्याकडच्या जुन्या सुत्या, हातातलं चांदीचं, याचे फोटो पाठवतो. आणि रघुजीला तिच्यापेक्षा मोठा काढू नका, एवढं सांभाळा.

पऱ्हाटी

आमचं वऱ्हाड राहूनच गेलं. आमच्या गावच्या शाळेच्या भितीवर मी रुक्मिणी काहाडतो. राज्य नाई केलं तं नाई, पालखी तं पंढरपूरले तिचीच जाते.

धानकरी

चित्रं झाली की फोटो टाका. मिरेगावचा उल्लेख कुठंतरी बारीक अक्षरात केलात तर बरं होईल.

अंगणवाडी_ताई

बारीक अक्षरात काहीच लिहू नका. खालची माहिती हातभर मोठ्या अक्षरात आणि डोळ्यांच्या उंचीला लिहा. बायका वाचनालयात जात नाहीत, पण दळण घेऊन चक्कीवर नंबर लागेपर्यंत उभ्या असतात. तुमच्या वाचनालयासमोर चक्की आहे का?

मोहफूल

आहे की, अगदी समोर. पण भिंतीपुढं चक्कीवाल्याचा छोटा हत्ती उभा असतो दिवसभर. सरपंचबाईंना सांगतो, आधी ती गाडी हलवा.